दुसऱ्या दारावरची ओळख

रुग्णालयाच्या खिडकीपाशीं रोग्याचें नांव सांगितलें, कीं समोरच्या पडद्यावर त्याची सारी हकीकत क्षणार्धांत उमटते. तो केव्हां दाखल झाला, त्यास कोणतीं औषधें चालू आहेत, त्याच्या रक्ताच्या तपासणींत काय आढळलें, हें सर्व एकाच वहींतून वाचून दाखविल्यासारखें भासतें. वस्तुतः ती वही एक नसते. रोग्यांच्या नोंदी एका संगणकावर, तपासणीचे अहवाल दुसऱ्यावर आणि औषधांचा हिशेब तिसऱ्यावर, अशी विभागणी मोठ्या संस्थांतून सर्रास आढळते. माहिती व्यवस्थित लावून ठेवणारी जी रचना, तिला डेटाबेस म्हणतात; आणि मागेल त्यास ती माहिती काढून देणारा जो संगणक, तो डेटाबेस सर्व्हर होय. खिडकीवरील माणसाचा संबंध फक्त पहिल्या सर्व्हरशीं येतो. पुढील विचारपूस तो सर्व्हर दुसऱ्याकडे परस्पर करतो.

या परस्पर विचारपुशींत एक प्रश्न दडलेला आहे. पहिला सर्व्हर दुसऱ्याच्या दाराशीं जातो, तो कोणाच्या नांवानें? खिडकीवर बसलेल्या परिचारिकेच्या नांवानें, स्वतःच्या नांवानें, कीं कोणा तिसऱ्याच्याच नांवानें? वरवर पाहतां हा तंत्रज्ञांनीं आपसांत सोडवावयाचा प्रश्न वाटेल. परंतु समजा, एका गृहस्थाच्या रक्ततपासणीचा अहवाल बाहेर फुटला आणि तो कोणीं पाहिला याची चौकशी सुरू झाली. त्या रात्रीं चाळीस माणसांनीं अहवाल उघडले असतांना, दुसऱ्या सर्व्हरच्या नोंदवहींत एकच नांव चाळीस वेळां लिहिलेलें आढळलें, तर काय होईल? अपराधी सुटेल, आणि त्या रात्रीं कामावर असलेले निरपराध लोक संशयाच्या छायेंत येतील. पहिल्या सर्व्हरनें आपली वेगळी नोंद ठेविली असेल, तर दोन्ही वह्यांचा ताळा घेतां येतो. पण ती ठेविली नसेल, किंवा कोणीं पुसून टाकिली असेल, तर शोध तेथेंच खुंटतो. जोडलेल्या सर्व्हरमध्यें ओळख कशी पटविली जाते, यावर रोग्याची अब्रू आणि नोकराची भाकरी अशा दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

प्रथम दोन कल्पना एकमेकींपासून अलग केल्या पाहिजेत. आलेला माणूस तोच आहे कीं नाहीं, हें पाहणें ही ओळख पटविण्याची क्रिया होय. ओळख पटल्यावर त्यास काय पाहूं द्यावें व काय बदलूं द्यावें, हें ठरविणें ही अधिकार देण्याची क्रिया होय. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी पाहुण्यास ओळखतो, म्हणून कांहीं तो त्याच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या देत नाहीं. मात्र ओळखच चुकीची पटली, तर पुढील सर्व अधिकार चुकीच्या माणसाच्या पदरांत पडतात. म्हणून ओळखीचा विचार आधीं.

दोन सर्व्हर जोडण्याची सोय सर्व प्रमुख डेटाबेसांत आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें अशा जोडीला लिंक्ड सर्व्हर म्हणतात; ओरॅकलमध्यें ती डेटाबेस लिंक या नांवानें ओळखली जाते; पोस्टग्रेसमध्यें परक्या सर्व्हरची नोंद करून कोणत्या स्थानिक माणसानें तेथें कोणत्या नांवानें जावें, याची यादी ठेवितात. नांवें निराळीं असलीं, तरी मूळ प्रश्न एकच. त्याची उत्तरें समजून घेण्यास एसक्यूएल सर्व्हरचें उदाहरण सोयीचें आहे, कारण तेथें तीं एकाच पडद्यावर ओळीनें मांडलेलीं असतात.

त्या पडद्यावर आरंभीं एक यादी असते. अमुक स्थानिक नांवाच्या माणसानें पलीकडे तमुक नांवानें जावें, असें तींत एकेक करून लिहितां येतें. यादींत ज्यांचें नांव नाहीं, त्यांच्यासाठीं चार मार्ग ठेवलेले आहेत. पहिला, त्यांस मुळींच जाऊं देऊं नये. दुसरा, कोणतीच ओळख न सांगतां जावें. तिसरा, ज्यानें त्यानें आपल्या स्वतःच्या ओळखीनें जावें. चौथा, सर्वांनीं एका ठरीव नांवानें व ठरीव पासवर्डानें जावें. प्रशासकानें कांहींच न सांगतां केवळ आज्ञा देऊन जोडणी केली, तर तिसरा मार्ग आपोआप लागू होतो.

व्यवहारांत मोह पडतो तो चौथ्या मार्गाचा. एकदां नांव व पासवर्ड लिहून टाकिला, कीं जोडणी तत्काळ चालू होते आणि कोणाची तक्रार उरत नाहीं. घाई असली, म्हणजे तें नांवही सर्वाधिकारी खात्याचेंच दिलें जातें; एसक्यूएल सर्व्हरमध्यें या खात्यास एसए अशीं दोन अक्षरें आहेत. याचा परिणाम असा, कीं पहिल्या सर्व्हरवर ज्यास पाऊल ठेवण्यापुरता प्रवेश आहे, तोही त्या जोडणीच्या वाटेनें दुसऱ्या सर्व्हरवर मालक म्हणून वावरूं शकतो. जोडणी वापरण्यासाठीं निराळी परवानगी लागत नाहीं. जें कांहीं नियंत्रण असतें, तें या यादींत व या चार मार्गांत असतें. एसए खात्याचा हलगर्जीपणा किती महाग पडतो, याचा अनुभव जगानें २००२ सालच्या मे महिन्यांत घेतला. त्या वेळीं स्पायडा नांवाचा एक संगणकी किडा, ज्या एसक्यूएल सर्व्हरांवर एसएचा पासवर्ड रिकामाच ठेवला होता, अशांत एकामागून एक शिरत गेला.

ठरीव नांवाचा आणखी एक दोष आहे. दुसऱ्या दाराशीं पासवर्ड सांगावयाचा, तर तो पहिल्या सर्व्हरजवळ असलाच पाहिजे. तो सांकेतिक करून ठेवलेला असतो हें खरें. परंतु वापरण्यासाठीं तो उलगडावा लागतोच. म्हणजे उलगडण्याची किल्लीही त्याच घरांत असते. जो कोणी पहिल्या सर्व्हरचा पूर्ण कबजा घेईल, त्यास दुसऱ्याचा पासवर्ड काढणें अशक्य राहत नाहीं. एक घर फुटलें, कीं शेजारचें घर उघडण्याची सोय आयती झाली.

मग तिसरा मार्ग, म्हणजे ज्यानें त्यानें आपल्या ओळखीनें जाण्याचा, सर्वांनीं कां घेऊं नये? घ्यावाच; पण तो वाटतो तितका सरळ नाहीं. एसक्यूएल सर्व्हरवर दोन प्रकारचीं नांवें असतात. एक त्या सर्व्हरनें स्वतःच दिलेलें नांव व पासवर्ड. असें नांव असेल, तर पहिला सर्व्हर तेंच नांव व तोच पासवर्ड दुसऱ्यापुढें ठेवितो. तेव्हां दोन्हीकडे तें नांव व तो पासवर्ड अक्षरशः सारखा असावा लागतो, आणि एकीकडे बदलला कीं दुसरीकडेही बदलावा लागतो. दुसरा प्रकार विंडोजच्या नांवाचा. माणूस सकाळीं आपल्या संगणकावर एकदां पासवर्ड देतो आणि मग संस्थेतील सर्व सर्व्हर त्यास त्या नांवानें ओळखतात. मोठ्या संस्थांत हाच प्रकार श्रेयस्कर मानला जातो. खरी अडचण येते ती येथेंच.

विंडोजमधील ओळख पटविण्याची जुनी रीति एनटीएलएम या नांवाची आहे. तींत सर्व्हर माणसाच्या संगणकास एक यादृच्छिक संख्या देतो; त्या संगणकानें पासवर्डापासून निघालेल्या गुप्त किल्लीनें त्या संख्येवर क्रिया करून उत्तर पाठवावयाचें; आणि तें उत्तर बरोबर आहे कीं नाहीं, हें संस्थेचा मध्यवर्ती संगणक तपासतो. यांत चांगली गोष्ट अशी, कीं पासवर्ड तारेवरून कधींच जात नाहीं. परंतु त्यामुळेंच पहिल्या सर्व्हरच्या हातीं कांहीं उरत नाहीं. तो दुसऱ्या दाराशीं गेला, कीं दुसरा सर्व्हर नवी संख्या पुढें करतो. तिचें उत्तर देण्यास लागणारी किल्ली पहिल्यापाशीं नसते. तो परिचारिकेस ओळखतो खरा, पण ती कोण हें दुसऱ्यास पटवून देऊं शकत नाहीं. मग दुसरा सर्व्हर त्यास निनावी समजून परत पाठवितो, आणि पडद्यावर १८४५६ या क्रमांकाची चूक उमटते: अ‍ॅनॉनिमस लॉगॉन, म्हणजे निनावी पाहुण्यास, प्रवेश मिळाला नाहीं. तंत्रज्ञ या अडचणीस दुहेरी उडी म्हणतात. पहिली उडी साधते, दुसरी फसते. पुष्कळ ठिकाणीं याच जागीं कंटाळून ठरीव नांवाचा मार्ग पत्करला जातो.

या अडचणीवरील उपाय मात्र फार पूर्वींच विचारांत घेतला गेला होता. १९७८ सालीं रॉजर नीडम व मायकेल श्रोडर या दोघां शास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. दोन अनोळखी संगणकांनीं, उभयतांचा विश्वास असलेल्या तिसऱ्याच्या साह्यानें, परस्परांची ओळख कशी पटवावी, हा त्याचा विषय होता. १९८१ सालीं डेनिंग व सॅको यांनीं त्यांतील एक उणीव दाखवून, निरोपावर वेळेची नोंद असावी असें सुचविलें. पुढें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९८३ सालीं अथीना नांवाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठीं सर्वत्र मांडलेल्या संगणकांवर ओळख पटवावी कशी, हा प्रश्न तेथें उभा राहिला, आणि त्यांतून जी पद्धति निर्माण झाली, तिला कर्बेरोस असें नांव मिळालें. ग्रीक पुराणांत पाताळाच्या दाराशीं पहारा करणारा जो तीन मुखांचा कुत्रा आहे, त्याचें हें नांव. या पद्धतींतही पक्ष तीनच असतात: येणारा माणूस, सेवा देणारा सर्व्हर आणि दोघांच्या विश्वासाचा मध्यस्थ. तिची पांचवी आवृत्ति १९९३ सालीं प्रमाण म्हणून नमूद झाली, आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनेंही ती स्वीकारली.

तिचें तत्त्व आपल्याकडील जुन्या हुंडीच्या व्यवहारावरून चटकन ध्यानांत येईल. पुण्याहून काशीस निघालेला यात्रेकरू रोकड बरोबर नेत नसे. पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरून तो काशीच्या पेढीवरील हुंडी घेई. नामजोग हुंडी असली, म्हणजे जिच्यावर ज्याचें नांव त्यासच पैसे मिळावयाचे. काशीच्या पेढीस यात्रेकरू ठाऊक नसला तरी चाले. सावकाराची खूण तिला ठाऊक असे. कर्बेरोसमधील तिकीट हें असेंच आहे. परिचारिका सकाळीं पासवर्ड देते, तेव्हां तिचा संगणक मध्यस्थाकडून एक मूळ तिकीट मिळवितो. मग ज्या सर्व्हरशीं काम पडेल, त्याच्या नांवाचें निराळें तिकीट मूळ तिकिटाच्या आधारें मागून घेतो. त्या तिकिटांत तिचें नांव, मुदत आणि त्या प्रसंगापुरती एक किल्ली असते, आणि तें सर्व ज्या सर्व्हरसाठीं आहे त्याच्याच गुप्त किल्लीनें बंद केलेलें असतें. दुसऱ्या कोणास तें उघडतां येत नाहीं. विंडोजमध्यें अशा तिकिटाची नेहमींची मुदत १० तासांची असते. एका पाळीचें काम त्यांत सहज होतें, आणि चोरीस गेलेलें तिकीट दुसऱ्या दिवशीं निरुपयोगी ठरतें.

आतां दुसऱ्या उडीचा विचार. पहिल्या सर्व्हरनें परिचारिकेच्या वतीनें दुसऱ्याकडे जावयाचें, म्हणजे त्यास तिचें मुखत्यारपत्र पाहिजे. कर्बेरोस पद्धतींत याची सोय आहे. परंतु मुखत्यारपत्रें जशीं दोन जातींचीं असतात, तशीच ही सोयही दोन जातींची आहे. विंडोज २००० मध्यें जी प्रथम मिळाली, ती कुलमुखत्यारपत्रासारखी होती. परिचारिकेचें मूळ तिकीटच पहिल्या सर्व्हरच्या हातीं पडे, आणि तिच्या नांवानें तो संस्थेतील वाटेल त्या दाराशीं जाऊं शके. असा सर्व्हर कोणा लबाडाच्या ताब्यांत गेला, तर तेथें येणाऱ्या प्रत्येकाचें नांव त्याच्या हातीं गेलें असें समजावें. म्हणून २००३ च्या विंडोज सर्व्हरमध्यें खास मुखत्यारपत्राची सोय करण्यांत आली. तींत पहिल्या सर्व्हरनें कोणकोणत्या सेवांकडे दुसऱ्याच्या वतीनें जावें, याची यादी मध्यस्थाजवळ असते. पहिला सर्व्हर परिचारिकेकडून मिळालेलें तिकीट मध्यस्थास दाखवून पुढील तिकीट मागतो; मध्यस्थ यादी पाहून तें देतो किंवा नाकारतो. २०१२ सालीं या व्यवस्थेंत आणखी एक भर पडली. आपल्या दाराशीं कोणीं कोणाच्या वतीनें यावें, हें ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या सर्व्हरच्या बाजूसही मिळाला. ज्याच्या घरांत ठेव, त्याच्याच हातीं दाराचा निर्णय, हें न्यायास धरूनच झालें.

ही व्यवस्था प्रत्यक्ष उभारतांना पांच गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, प्रत्येक सर्व्हरच्या सेवेचें नांव मध्यस्थाच्या दप्तरीं नोंदलेलें असावें. या नांवांत सेवेची जात, यंत्राचें पूर्ण नांव आणि दाराचा क्रमांक असतो. एसक्यूएल सर्व्हरचा सर्वसाधारण क्रमांक १४३३ आहे. सेवा ज्या खात्याखालीं चालते, त्याच खात्यावर ही नोंद पाहिजे. ती नसली, तर विंडोज मुकाट्यानें जुन्या एनटीएलएम रीतीकडे वळतें. आणि तीच नोंद चुकून दोन खात्यांवर झाली, तर तिकीट कोणाच्या किल्लीनें बंद करावें हें मध्यस्थास कळत नाहीं. दुसरी, पहिल्या सर्व्हरच्या खात्यास वर सांगितलेलें खास मुखत्यारपत्र दिलेलें असावें. तिसरी, ज्या माणसाच्या वतीनें जावयाचें, त्याच्या खात्यावर मुखत्यारीस मनाई असा शेरा नसावा. वरिष्ठ प्रशासकांच्या खात्यांवर तो मुद्दाम ठेवितात, आणि तो ठेवावाच. चौथी, सर्व यंत्रांचीं घड्याळें मिळतीं असावीं. जुनी तिकिटें पुन्हां वापरलीं जाऊं नयेत म्हणून वेळ तपासली जाते, आणि नेहमींच्या नियमाप्रमाणें ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाहीं. पांचवी, दुसऱ्या सर्व्हरवर त्या माणसास, किंवा तो ज्या गटांत आहे त्या गटास, प्रवेश व आवश्यक तेवढाच अधिकार दिलेला असावा. अधिकार परिचारिकांच्या सबंध गटास दिला, तरी येणारीचें नांव व्यक्तिशः कळतें, हा मोठाच लाभ होय.

हें सर्व जमलें कीं नाहीं, हें अंदाजानें ठरवूं नये. चालू जोडण्यांच्या तक्त्यांत प्रत्येक जोडणीपुढें ओळखीची रीति लिहिलेली असते. तेथें दोन्ही सर्व्हरांवर कर्बेरोस हा शब्द दिसला, तर काम साधलें. एनटीएलएम दिसलें, तर बहुधा नांवाच्या नोंदींत चूक आहे. आणखी एक गोष्ट विसरूं नये. तिकिटानें ओळख पटते, परंतु तारेवरून जाणारा मजकूर त्यानें आपोआप झांकला जात नाहीं. त्यासाठीं टीएलएस ही मजकूर सांकेतिक करण्याची योजना दोन्ही सर्व्हरांमध्यें वेगळी लावावी लागते. तसेंच कोणीं काय वाचलें याची नोंदही आपोआप होत नाहीं. एसक्यूएल सर्व्हरमध्यें २००८ च्या आवृत्तीपासून ऑडिटची सोय आली; ती चालू करून कोणत्या तक्त्याचें वाचन नोंदावें, हें सांगावें लागतें. नांव शेवटपर्यंत पोंचविलें आणि तें लिहिणारी वहीच उघडली नाहीं, तर श्रम व्यर्थ गेले.

इतर डेटाबेसांतही विचाराची दिशा हीच आहे. ओरॅकलमध्यें जोडणी तीन प्रकारची असूं शकते: ठरीव नांवाची, जोडलेल्या माणसाच्या नांवाची आणि चालू माणसाच्या नांवाची. पोस्टग्रेसमध्यें २०२३ सालच्या सोळाव्या आवृत्तीपासून कर्बेरोसची मुखत्यारी पुढें नेण्याची सोय झाली आहे. तत्पूर्वीं तेथें नांवांच्या यादीवर व पासवर्डांवरच मुख्यतः भिस्त होती.

तर मग ठरीव नांवास कोठेंच स्थान नाहीं काय? आहे. रात्रीं दोन वाजतां औषधांचा साठा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उतरवून घेण्याचें काम यंत्र स्वतःच करतें; तेथें कोणी माणूस हजरच नसतो. अशा कामासाठीं निराळें नांव द्यावें. पण तें त्या एकाच कामाचें असावें. त्यास साठ्याचा एक तक्ता वाचण्यापलीकडे कांहीं करतां येऊं नये, यादींत तेवढें एकच नांव असावें, आणि यादीबाहेरच्यांसाठीं पहिला, म्हणजे प्रवेशबंदीचा, मार्ग ठेवावा. नोकराला कोठाराची किल्ली दिली, म्हणून देवघराची व तिजोरीचीही त्याच जुडग्यांत अडकवून देण्याचें कारण नाहीं.

या खटाटोपास वेळ लागतो. ठरीव नांव लिहिण्यास दोन मिनिटें पुरतात. नोंदी, मुखत्यारपत्रें व घड्याळें यांची व्यवस्था लावण्यास कित्येक दिवस जातात, आणि ती लागल्यावर पडद्यावर वेगळें असें कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच ती टाळली जाते. परंतु २०२३ सालीं भारतीय संसदेनें संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत, लोकांची माहिती बाळगणारानें तिच्या रक्षणाचे वाजवी उपाय योजिले पाहिजेत, असें म्हटलें आहे. तसे न योजिल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची गोष्ट बाजूस ठेविली, तरी ज्या संस्थेच्या हातीं आपण आपल्या आजाराची, कर्जाची वा कुटुंबाची माहिती सोपवितों, तिला एक साधा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक सुज्ञ नागरिकास आहे. माझी नोंद कोणीं पाहिली, हें तुम्हांस नांवानिशीं सांगतां येईल काय? ज्या संस्थेनें दुसऱ्या दारावरही माणसाचें खरें नांव पोंचविलें आहे आणि तें लिहून ठेविलें आहे, तीच या प्रश्नास होय असें उत्तर देऊं शकेल.